सोमवारी बिघडणारं पोट

ब्रुनो आमचा लॅब्रॅडोर. वय पाच, मुक्काम जुळे सोलापूर. त्याचं पोट दर दोन-तीन आठवड्यांनी बिघडायचं आणि बिघडलं की कार्यक्रम ठरलेला असायचा. सकाळी दार उघडावं तर जिन्यात पातळ शी, नाहीतर सोफ्याच्या पायाशी पिवळा फेस. मग दवाखाना, एक इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या. दोन दिवसांत गडी टुणटुणीत, शेपटी आपटत भांड्यापुढे हजर. आम्हीही विसरून जायचो. असं दीड वर्ष चाललं.

एकदा आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते आणि त्यांच्या जागी एक वयस्कर डॉक्टर बसले होते. स्टेथोस्कोप लावायच्या आधीच त्यांनी विचारलं, "याआधी कधी झालं होतं?"

"झाले असतील दहा-पंधरा दिवस."

"आणि त्याच्या आधी?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडे.

"बरं, पाण्यासारखं होतं की शेंबडासारखं? दिवसातून किती वेळा?"

आम्ही गप्प. डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "कुत्रं बोलत नाही याची मला सवय आहे हो. तुम्ही तरी बोला."

त्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, ब्रुनोचा हिशोब सुरू झाला. दुधाचा खाडा निळ्या पेनाने, ब्रुनोचा लाल. 'ज' म्हणजे जुलाब, 'ओ' म्हणजे ओकारी, आणि पुढे आदल्या दिवशी पोटात काय गेलं ते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे डोस इथे मिळणार नाहीत. पण डॉक्टरांपुढे बसून नीट बोलता यावं एवढं या दोन वर्षांत शिकले, ते सांगते.

नेमकं कुठलं पोट?

'पोट बिघडलं' हा आपला शब्द फार ऐसपैस आहे. कुत्र्याच्या तोंडापासून शेपटीखालपर्यंतचं काहीही त्यात बसतं. म्हणून पहिलं काम म्हणजे बिघाड कुठल्या मजल्यावर आहे ते ओळखणं.

वरून सुरुवात करू. खरी ओकारी असेल तर कुत्रं आधी अस्वस्थ होतं, ओठ चाटतं, लाळ गळते, मग पोट आत ओढून तीन-चार वेळा हुक् हुक् असा जोर लावतं आणि अन्न किंवा पित्त बाहेर येतं. दुसऱ्या प्रकारात असा काही जोर लागत नाही. कुत्रं नुसती मान खाली घालतं आणि मघाशी गिळलेलं जसंच्या तसं, कधी कधी नळीच्या आकारात, घरंगळून बाहेर पडतं. हे अन्न जठरात पोचलेलंच नसतं. अडचण अन्ननलिकेत असते. दोन्हींची कारणं वेगळी, तपासण्या वेगळ्या. दवाखान्यात 'उलटी झाली' एवढंच सांगितलं तर डॉक्टरांना हा फरक कळायचा कसा? मोबाइलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा. घाण वाटते खरी, पण तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा तो कामाचा असतो.

पहाटे रिकाम्या पोटी पिवळं पित्त पडतं आणि बाकी कुत्रं मजेत असतं, असंही पुष्कळ घरांत दिसतं. संध्याकाळी सातला जेवण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत पोटात काही नाही. तेवढ्या वेळात पित्त जठरात उलटं येऊन झोंबतं. रोजच्याच जेवणातला एक छोटा वाटा झोपण्यापूर्वी दिला तर बऱ्याच कुत्र्यांचं हे थांबतं. वाटा रोजच्यातलाच हं, वरून जास्तीचा नव्हे.

आता खाली येऊ. लहान आतड्याचं काम अन्नातला कस शोषून घेण्याचं. मोठ्या आतड्याचं काम उरलेल्यातलं पाणी ओढून शी बांधण्याचं आणि ती योग्य वेळेपर्यंत धरून ठेवण्याचं. एवढं ध्यानात ठेवलं की बाकीचं आपोआप उलगडतं. लहान आतडं बिघडलं तर कस शोषला जात नाही. शी दिवसातून दोन-चार वेळाच होते, पण ढीगभर आणि पातळ. हे लांबलं तर वजन उतरतं, बरगड्या दिसू लागतात. मोठं आतडं बिघडलं तर धरून ठेवणं जमत नाही. दिवसातून सात-आठ वेळा बाहेर जायची घाई, प्रत्येक वेळी चमचाभर, वर शेंबडाचा थर, शेवटी एखादा लाल थेंब आणि मग नुसतंच कुंथणं. वजन मात्र सहसा तसंच राहतं.

ब्रुनोचं हे दुसरं होतं. तो कुंथायचा म्हणून आम्ही आधी बद्धकोष्ठ समजलो होतो, आणि सासूबाई एरंडेलाची बाटली घेऊन तयार होत्या. नशीब, दिलं नाही. कुंथणारं प्रत्येक कुत्रं तुंबलेलं नसतं. सुजलेल्या आतड्याला रिकामं असतानाही भरल्यासारखं वाटतं.

रंगाकडेही बघा. शी डांबरासारखी काळी आणि चिकट असेल तर रक्त वर कुठेतरी, जठरात किंवा लहान आतड्यात, जाऊन पचलेलं असू शकतं. त्या दिवशी थांबायचं नाही. कुत्र्याला लोहाचं टॉनिक चालू असेल तर त्यानेही शी काळी होते, तेही डॉक्टरांना सांगा. ताज्या लाल रक्ताची एखादी रेघ दिसायला भयंकर, पण बहुतेकदा मोठ्या आतड्याची. भरपूर लाल रक्त पडलं तर मात्र तीही घाईचीच गोष्ट.

आणि काळ. दोन-चार दिवसांत आलं आणि गेलं तर तो तात्पुरता बिघाड. तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं, किंवा थांबून थांबून पुन्हा पुन्हा आलं, तर डॉक्टर त्याला जुनाट धरतात. आमची चूक इथेच होती. आम्ही प्रत्येक खेपेला नवा आजार समजून नवा केसपेपर काढत होतो. तो दीड वर्षाचा एकच आजार होता.

कॅलेंडरने चहाडी केली

तीन महिन्यांची पानं समोर ठेवली तेव्हा लाल 'ज' बहुतेक सोमवारी आणि मंगळवारी होते. आणि श्रावणाचं पान जवळजवळ कोरं.

सोलापुरात रविवार म्हणजे काय ते सांगायला नको.

"आई, तुम्ही ब्रुनोला काल काही दिलं होतं का?"

"मी कशाला देऊ?" सासूबाई लसूण सोलत होत्या, मान वर केली नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "दोनच हाडं दिली. आणि भाकरी कुस्करून थोडा रस्सा. माझ्याकडं बघत बसलं होतं की लेकरू."

त्या लेकराचं वजन चौतीस किलो आहे. लॅब्रॅडोरच्या त्या बघण्याबद्दल एक गंमत सांगते. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की बऱ्याच लॅब्रॅडोरांमध्ये पीओएमसी नावाच्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना भूक जास्त असते. म्हणजे आपण पाघळतो त्या डोळ्यांमागे काही वेळा जनुक असतं. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग तर बिचाऱ्याला खरंच भूक लागते."

रविवारच्या त्या ताटात तीन वेगवेगळी संकटं असतात. तर्रीतलं तेल आणि मटणाची चरबी हे पहिलं. एकदम जास्त चरबी गेली की काही कुत्र्यांचं स्वादुपिंड सुजतं. स्वादुपिंड पाचकरस बनवतं आणि ते आतड्यात जाऊन काम सुरू करतात. सूज आली की ते स्वादुपिंडातच काम सुरू करतात, म्हणजे अवयव स्वतःलाच पचवू लागतो. कुत्रं सारखं ओकतं, खात नाही, आणि पोट दुखत असल्याने कधी पुढचे पाय जमिनीवर टेकून मागचा भाग उंच धरतं. ही दशा दिसली तर सकाळची वाट बघू नका. ब्रुनोचं एवढ्यावर गेलं नव्हतं, त्याचं आतडंच चिडत होतं.

दुसरं हाड. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात. कधी टोचतात, कधी अडकतात, आणि चांगलं चावून गिळलं तरी शी खडूसारखी पांढरी, कोरडी होते. तिसरं कांदा-लसूण. हे पोटाचं नव्हे, रक्ताचं विष. त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि परिणाम लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी कुत्रं थकतं, हिरड्या फिक्या पडतात. आपल्या शेंगाचटणीत लसूण असतो हे ध्यानात ठेवा. भाकरीला पुसून दिलेली चटणी कुत्र्याच्या हिशोबात शेंगदाणा नसते.

भाकरीची बाजू मात्र मी घेणार. 'कुत्रं म्हणजे लांडगा, त्याला धान्य पचत नाही' असं हल्ली छातीठोक सांगतात. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून बघितली. पिष्ट पचवणाऱ्या रसाच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढलेला प्राणी तो. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी त्याला पचते. नुसत्या भाकरीवर त्याचं भागत नाही, ही वेगळी गोष्ट.

खरी गडबड भाकरीसोबतच्या दुधाची असते. दूध-भाकरी हे आपल्याकडचं कुत्र्याचं राष्ट्रीय जेवण. पण पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवणारा रस त्याच्या आतड्यात कमी होत जातो. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिच्यावर तुटून पडतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं, आणि आपण म्हणतो हवा बदलली. सगळ्याच कुत्र्यांना दूध बाधतं असं नाही. पण पोट वारंवार बिघडणाऱ्या कुत्र्याचं पहिलं काय बंद करायचं, तर दूध. फुकटचा प्रयोग आहे, दोन आठवड्यांत उत्तर मिळतं.

जाता जाता आपल्या जिल्ह्यापुरतं एक. द्राक्षं आणि बेदाणे आपल्याकडे घरोघरी पडलेले असतात. द्राक्षाने काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. कुठल्या कुत्र्याला किती बाधेल याचा नेम नाही, त्यामुळे 'एकानं काय होतंय' हे इथे लागू नाही. संशय टार्टारिक आम्लावर आहे, जे चिंचेतही असतं. बेदाणे खाऊन ओकलं तर ते 'बिघडलेलं पोट' समजू नका. खाल्लेलं कळताक्षणी, ओकायच्या आधीच, दवाखाना गाठा. आणि उन्हाळ्यात आंब्याची कोय, हुरड्याच्या दिवसांत मक्याचं कणीस, घरात लहान मूल असेल तर त्याचे पायमोजे: गिळले की अडकतात. अडकलेलं कधी कधी पूर्ण अडकत नाही, थोडं सरकतं, पुन्हा अडतं. तेव्हा ओकारीही येऊन-जाऊन असते आणि आपण महिनाभर गोळ्या देत बसतो.

मटण बंद केलं, तरी दोन टिपके उरले

हाडं बंद झाल्यावर लाल टिपके कमी झाले, संपले नाहीत. उरलेले कुठल्याच वारी बसेनात.

आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवायचं हा सोलापूरकरांचा संसारच. पिण्याचं आम्ही गाळून, उकळून घेतो. ब्रुनोचं भांडं मात्र गच्चीवरच्या उघड्या ड्रममधून भरलं जायचं, आणि त्या ड्रमावर कबुतरं बसायची. मीच भरायचे. साठवलेल्या पाण्यातून पोटात जाणाऱ्यांपैकी एक चिवट परजीवी जिआर्डिया. डोळ्याला न दिसणारा. तो आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतो. शी मऊ, चिकट, उग्र वासाची होते, चार दिवस बरी, चार दिवस वाईट. शीच्या तपासणीत तो दर वेळी सापडत नाही, कारण रोज बाहेर पडत नाही. म्हणून एका नमुन्यावर 'काही नाही' असा रिपोर्ट आला तरी डॉक्टर तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागतात. ब्रुनोचा पहिला नमुना स्वच्छ होता, तिसऱ्यात सापडला.

जंताची गोळी तर आपण देतो, मग? इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. एकच गोळी सगळ्यांवर चालत नाही. गोल जंत, अंकुशकृमी, चाबूककृमी, पट्टकृमी या वेगवेगळ्या जाती, आणि जिआर्डिया तर कृमीच नव्हे. गुदद्वाराभोवती किंवा गादीवर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी, आणि तो पिसवांमधून येतो. कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं, पिसवेच्या पोटात जंताची अळी असते. म्हणजे पिसवा गेल्या नाहीत तर जंत पुन्हा येणारच. चाबूककृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी जंताचं औषध देतात, पिल्लांना त्याहून बरंच लवकर लवकर. वजन करूनच द्या, अंदाजे दिलेली अर्धी गोळी जंताला फक्त चिडवते. यातले काही जंत माणसांच्या मुलांनाही लागतात, म्हणून अंगणातली शी रोजच्या रोज उचला. भांडं रोज घासा.

मग राहिला शेवटचा टिपका. तो जानेवारीत होता, दोन्ही वर्षी. संक्रांतीच्या आसपास. खाणं नेहमीचं, पाणी उकळलेलं. मुलगी म्हणाली, "आई, गड्डा यात्रा." सिद्धेश्वराच्या या जत्रेच्या दिवसांत आम्ही ब्रुनोला होम मैदानाजवळ नणंदेच्या घरी ठेवायचो. तिथे पाहुण्यांची वर्दळ आणि रात्री शोभेचं दारूकाम. भीती आणि ताण यांनी मोठं आतडं बिघडतं. परीक्षेच्या सकाळी आपल्याला होतं तेच. यावर गोळीपेक्षा घरीच ठेवणं स्वस्त पडलं.

कॅलेंडरही हात टेकतं तेव्हा

सगळ्यांचं असं सुटत नाही. बार्शीला माझ्या मामेभावाचा जर्मन शेफर्ड होता. खायचा दोन कुत्र्यांचं, आणि अंगावर नुसती कातडी. शी ढीगभर, फिकट, तेलकट. कधी स्वतःचीच खायचा. मामेभावाने जंताची औषधं चार वेळा दिली, खाणं वाढवलं, कुत्रं वाळतच गेलं. शेवटी रक्ताच्या एका खास तपासणीत कळलं की स्वादुपिंड पाचकरसच बनवत नाही. या जातीत हा दोष जास्त दिसतो. आता जेवणात पाचकरसाची पूड मिसळतात, जन्मभर मिसळावी लागणार, पण कुत्रं भरलं. अशा कुत्र्यांत बी१२ जीवनसत्त्वही अनेकदा खाली गेलेलं असतं, तेही बघावं लागतं.

कधी दुखणं पोटात नसतंच. मूत्रपिंड, यकृत, अ‍ॅड्रिनल ग्रंथी यांतला बिघाड पहिल्यांदा ओकारीच्या रूपाने दिसतो. गोचिडांतून येणाऱ्या तापातही कुत्रं जेवण सोडतं, काही ओकतात, आणि आपल्या कोरड्या हवेत भिंतीच्या फटीफटीत गोचीड असतो. म्हणून वारंवारच्या त्रासात डॉक्टर रक्ताची तपासणी, सोनोग्राफी सांगतात तेव्हा ते बिल वाढवतायत असं लगेच धरू नका. उलट, पाचव्या खेपेलाही काही न तपासता तेच इंजेक्शन मिळत असेल तर आपणच विचारावं, "डॉक्टर, हे परत परत का होतंय?"

त्या इंजेक्शन-गोळ्यांबद्दल माझं मत आता कडवट झालंय. जुलाब म्हटलं की मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक, ही सवय डॉक्टरांना आहे आणि त्याहून जास्त आपल्याला, कारण मेडिकलमधून आपणच आणून देतो. साधे जुलाब दोन-चार दिवसांत तसेही थांबतात आणि श्रेय गोळीला जातं. दरम्यान आतड्यातल्या कामाच्या जिवाणूंची वस्ती उठते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी कुत्र्यांना हे औषध चौदा दिवस दिलं, तर बंद करून चार आठवडे झाले तरी ती वस्ती पुरती पूर्ववत झाली नव्हती. औषध वाईट नाही, कारण असेल तेव्हा लागतं. दर महिन्याला लागत असेल तर कारण शोधायचं राहिलंय. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या तर अजिबात नकोत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, पॅरासिटामॉलही धोक्याचं.

सगळं तपासून काही हाती लागलं नाही तर पुढची पायरी जेवणाची परीक्षा. जुनाट बिघाड असलेल्या कुत्र्यांपैकी मोठा वाटा नुसत्या जेवणातल्या बदलाने सुधारतो, म्हणून ही पायरी टाळून थेट स्टेरॉइडवर जाऊ नये. कल्पना साधी आहे. कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच पिष्ट द्यायचं, दुसरं काही नाही. आपल्या घरात चिकन, अंडी, दूध हे तर जन्मापासून झालेलं असतं. मग उजनीची चिलापी काटे काढून उकडायची आणि सोबत उकडलेला बटाटा, असं काही. नाहीतर दुकानात प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं खास खाद्य मिळतं, महाग असतं. आतड्याचा त्रास असेल तर फरक बहुतेकदा दोन आठवड्यांत कळतो. पण परीक्षा म्हणजे परीक्षा. चहाबरोबरचं ग्लुकोज बिस्किट, शेजारच्या काकूंची पोळी, चिकनच्या चवीची जंताची गोळी, यातलं एकही चालत नाही. आमच्याकडे नवव्या दिवशी वॉचमनकाकांनी प्रेमाने वडापाव दिला आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. घरी शिजवलेलं हे जेवण थोड्या काळापुरतंच. कायमचं करायचं तर कॅल्शियम आणि बाकीचं गणित डॉक्टरांकडून मांडून घ्या, नाहीतर पोट सुधारतं आणि हाडं बसतात.

आणि कुठलंही खाद्य बदलताना सात-दहा दिवस घ्या, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत. ऑनलाइन सेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून सोमवारपासून नवी पिशवी, हे जुलाबांचं एक अगदी साधं कारण आहे.

बिघडलेल्या दिवशी घरी काय

मोठं कुत्रं, एक-दोनदा पातळ झालंय, पण खेळतंय, पाणी टिकतंय: अशा वेळी उपाशी मारायची गरज नाही. कातडी काढलेलं चिकन नुसत्या पाण्यात उकडून एक वाटा, मऊ गुरगुट्या भाताचे दोन वाटे. हळद, मीठ, लसूण काही नाही. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, तीन-चार दिवस. मोठ्या आतड्याच्या बिघाडात उकडलेला लाल भोपळा किंवा इसबगोल उपयोगी पडतं. इसबगोल जुलाबांवर म्हटल्यावर सासूबाई हसल्या होत्या, पण ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी चालतं. किती द्यायचं ते वजनावर, विचारून.

पाण्याकडे लक्ष ठेवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, आणि अंगातलं पाणी ओकारी-जुलाबातून चाललेलं. वरचा ओठ उचलून हिरडीला बोट लावा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओली असते. बोट दाबून सोडलं की पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. चिकट, कोरडी किंवा फिकी हिरडी म्हणजे निघायचं. खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडायची दुसरी रीत आहे, पण म्हाताऱ्या आणि वाळलेल्या कुत्र्यात ती फसवते. ताप बघायचा तर कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यासारखं ९८.६ धरून घाबरू नका.

पिल्लू असेल तर यातलं काहीही करत बसू नका. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू, ओकारी, रक्ताचे दुर्गंधी जुलाब आणि मलूलपणा म्हणजे पार्व्हो (विषाणूचा जीवघेणा आजार) धरूनच चालायचं, दुसरं काही निघालं तर उत्तम. तास मोजावे लागतात. तसंच मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट ढोलासारखं फुगलंय, ओकायला जोर लावतंय आणि काहीच बाहेर येत नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा. पाणीही न टिकणं, काळी शी, भरपूर रक्त, उठवून न उठणं, हेही याच रांगेतले.

दवाखान्यात जाताना ताजी शी झाकणाच्या डबीत, व्हिडिओ, चालू औषधांची पाकिटं आणि कॅलेंडरचं पान. मी आता पानाचा फोटोच पाठवते.

ब्रुनोचं पोट पूर्ण सुधारलंय असं नाही. वर्षातून दोन-तीनदा होतं. फरक एवढाच की का झालं ते बहुतेकदा सापडतं. गेल्या महिन्याच्या पानावर लाल टिपका एकच आहे, पंचवीस तारखेला. त्याच्या पुढे सासूबाईंच्या थरथरत्या अक्षरात लिहिलंय: 'अर्धी पोळी. तूप नव्हतं.'